दाजीचं गाणं घरी कोण नेणार

माझी ताई हॉटेलात कीबोर्ड वाजवायची. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये, कोपऱ्यात, खांबाच्या आड. पुढे माइक धरून तिचा नवरा गायचा, म्हणजे माझे दाजी. आणि मी त्याच हॉटेलच्या तळघरात, लाँड्रीत. इस्त्रीवर. टेबलावरच्या चादरी, नॅपकिन, वेटर लोकांचे कोट, आणि दाजींचा तो पांढरा कोट. कॉलरला मेकअप लागलेला असायचा, तो आधी घासून काढायचा, मग वाफ द्यायची. इतकी वर्षं मी तो माणूस कडक इस्त्रीत उभा केलाय.

दाजींना मी अहो-जाहो करायचे. ताई गेली त्या दुपारपासून अरे-तुरे. ते का, ते सांगते.

आधी ताईचं सांगते. लहानपणी आमची आई एका शाळेत झाडलोट करायची. शाळा सुटली की आम्ही दोघी तिच्याबरोबर. एका वर्गात जुना पियानो होता, त्याच्या काही पट्ट्या दाबल्या तरी मुक्या. आई फरशी पुसायची, मी पाण्याची बादली ओढायचे, आणि ताई त्या पियानोपुढे बसायची. आई ओरडायची, "ए राणीसाहेब, फडकं घे हातात!" ती म्हणायची, "एक मिनिट गं, हा सूर आत्ता सापडला." संगीताच्या बाई एकदा विसरलेली छत्री न्यायला परत आल्या आणि दारातच थांबल्या. आईची तर बोबडीच वळली. पण बाई रागावल्या नाहीत. ताईशेजारी बसल्या. पुढे रोज बसायला लागल्या. असं शिकली ती.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताई म्हणायची, "तुझ्या कानात कापूस घालूनच पाठवलंय तुला." मी म्हणायचे, "बरं आहे, तुझ्या नवऱ्याचं ऐकू येत नाही." यावर ती इतकी हसायची की पोट धरून बसायची.

दाजींचा आवाज वाईट नव्हता. मधला गोड होता, खोटं कशाला बोलू. पण गाण्याच्या अगदी शेवटी जो सूर लावून थांबायचं असतं ना, तिथे त्यांची गाडी घसरायची. कायम. लग्नाच्या आधीपासून. तेव्हा ताईनेच त्यांना युक्ती दिली. म्हणाली, तुम्ही शेवटच्या सुराच्या आधी थांबायचं. हात पसरायचे, डोळे मिटायचे. लोकांचा जीव टांगणीला लागेल. मग मी कीबोर्डवर गाणं घरी नेईन, आणि तुम्ही वाकायचं. लोकांना वाटेल तुम्हीच नेलं.

आणि तसंच व्हायचं. दाजी हात पसरून उभे, हॉलमध्ये काटे-चमचे थांबलेले, मग मागून ताईची ती भरलेली कॉर्ड, एकदम दाबलेले तीन सूर, यायची, धप्पकन, आणि टाळ्या. सगळ्या टाळ्या पांढऱ्या कोटाला. खांबाआडच्या बाईकडे कोण बघतंय!

घरी जेवताना मात्र म्हणायचे, "हिचं काय, तीन बोटं दाबायची आणि बसायचं. तीन बोटं दाबायला काय लागतं?" हसत हसत म्हणायचे. ताई पण हसायची. मी ताटाकडे बघत बसायचे.

मग ताईचे हात बिघडले. आधी डावा, मग दोन्ही. बोटं सकाळी मिटायचीच नाहीत, कप निसटायचा. डॉक्टरांनी सांगितलं नसांचा आजार आहे, वाढत जाणार, पुढे छातीपर्यंत जाणार. दाजी म्हणाले, "असं कर, सगळी गाणी एकदा कीबोर्डमध्ये भरून ठेव. तू बरी होईपर्यंत कामाला येतील." ताईने भरली. एकेक गाणं. मध्येच हात गरम पाण्यात बुडवून बसायची, पुसायची, परत वाजवायची. मी समोर होते. मी म्हटलं, "दाजी, उद्या करा की." म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्या चादरी बघा तुम्ही."

शेवटचं गाणं भरून झालं आणि त्या रविवारपासून ताईची खुर्ची उचलली गेली. कीबोर्ड तिथेच, बटण दाबलं की वाजतोय. गिटारवाले काका होते, त्यांनाही काढलं. आणि दाजी माइकवर सांगायला लागले, "संगीतसाथ, माझीच." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, नॅपकिनांचा गठ्ठा वर घेऊन गेले होते तेव्हा.

ताईला मी माझ्या खोलीवर आणलं. दाजींची काहीच ना नव्हती. उलट तिची बॅग त्यांनीच खाली आणून दिली, एवढी घाई.

माझ्या खोलीत पलंग, कपाट आणि इस्त्रीचं टेबल, बस. बाहेरचे कपडे घेते मी घरी. कीबोर्ड कुठून आणणार! एक दिवस कामावरून आले तर ताईने माझ्या इस्त्रीच्या कांबळ्यावर शिंप्याच्या खडूने पट्ट्या काढून ठेवलेल्या. पांढऱ्याच्या जागी नुसती चौकट, काळ्याच्या जागी आत रेघा मारलेल्या. म्हणाली, "बस. तुला शिकवते."

"मला? माझ्या कानात कापूस आहे."

"म्हणून तर. कानाने नाही, घर समजून शिक."

मग तिने समजावलं. ही पहिली पांढरी, हे आपलं घर. एक बोट इथे. शेजारची सोड, पुढची धर. परत शेजारची सोड, पुढची धर. तीन सूर झाले. ही घरची कॉर्ड. आता हात असाच ठेव, आकार मोडू नको, आणि एक घर उजवीकडे सरक. ही दुसरी. परत सरक, तिसरी. अशा सात. सात जणांचं एक कुटुंब. या सात सुरांच्या बाहेरचा सूर कोणी घ्यायचा नाही.

मी म्हटलं, "मग सगळ्या सारख्याच की. हात तर तोच."

"आता काळ्या धरून पायऱ्या मोज," ती म्हणाली.

मोजल्या. पहिलीत खालून मधल्यापर्यंत चार, मधल्यापासून वर तीन. दुसरीत उलटं, आधी तीन मग चार. ताई म्हणाली, चार आधी आले की कॉर्ड मोकळी वाटते, छाती काढून उभी राहिल्यासारखी. ती मेजर. तीन आधी आले की अंग चोरून बसते, ती मायनर. घरात पहिली, चौथी, पाचवी या छातीवाल्या. दुसरी, तिसरी, सहावी अंग चोरणाऱ्या. आणि सातवी? तिच्यात तीन आणि तीन. लंगडी. तिला जास्त वेळ उभं करायचं नाही.

"आणि दाजी रोज सूर बदलतात ते? आज घसा बसलाय, खाली घे, उद्या वर घे?"

"घर बदलतं. माणसं तीच. कुठल्याही पट्टीला घर म्हण, तिथून सा रे ग म धरून चाल, मध्ये काळ्या येतील, येऊ दे. पहिली, चौथी, पाचवी छातीवालीच निघणार. म्हणून तर मी गिटारवाल्यांना बोटं दाखवायचे."

ते मी पाहिलं होतं. ताई खांबाआडून काकांना बोटं दाखवायची. चार बोटं म्हणजे चौथी, पंजा म्हणजे पाचवी, मूठ मिटली की घर. सूर कुठलाही असो, बोटं तीच. मला वाटायचं ही त्यांना पाणी मागतेय.

आवाज तर नव्हताच. मग ताई एक सूर गुणगुणायची, मला दुसरा धरायला लावायची, आणि म्हणायची, तिसरा मनात ठेव. सुरुवातीला मी असं भसाडं रेकायचे की वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी आपटायची. ताई म्हणायची, "बघ, ताल पण मिळाला." पण हळूहळू कापूस निघाला. घर आणि चौथी वेगळी कळायला लागली. चौथी म्हणजे शेजारी गप्पा मारायला गेलेली बाई, तिला घाई नाही. सहावी फसवी. तिच्यात घरचेच दोन सूर आहेत, तिसरा फक्त वेगळा. घर समजून आत जावं आणि आत कोणीतरी दिवा न लावता बसलेलं असावं, तशी. आणि पाचवी.

पाचवीचं ताई असं सांगायची की माझ्या अंगावर काटा यायचा. "पाचवीच्या पोटात सातवा सूर असतो. तो घराला इतका लागून आहे की उंबरठ्यावरच उभा. हातात पिशवी, पाय दुखतायत. त्याला तिथे सोडून दिलं ना, तर ऐकणाऱ्याला जेवण जात नाही. घरात घ्यावंच लागतं."

"आणि नाही घेतलं तर?"

"असं कोणी करत नाही गं," ती म्हणाली.

मी कांबळ्यावरची पाचवी परत धरून बघितली.

आजार छातीपर्यंत पोचला तसं तिला दवाखान्यात ठेवलं. ताई गेली ती रविवारी, दुपारी. दवाखान्यातून मला लाँड्रीच्या फोनवर कळवलं. मी तशीच वर धावले, हातात ओला फवारा होता तो पण तसाच. हॉलचं दार ढकललं आणि ताई वाजवत होती.

खरंच सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. एक क्षण. मग रिकामी जागा दिसली खांबाआडची.

दाजींनी मला पाहिलं. माझं तोंड बघून कोणालाही कळलं असतं. त्यांनाही कळलं, डोळ्यात दिसलं. गाणं थांबवलं नाही. शेवटापर्यंत गेले, हात पसरले, डोळे मिटले. आणि ताईने त्यांना घरी नेलं. मेलेल्या माझ्या बहिणीने. टाळ्या पडल्या. ते वाकले. मी जवळ गेले आणि म्हटलं, "ताई गेली." त्यांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, "दोनच राहिलीत. संपवून येतो."

संपवून आला. तेव्हापासून अरे-तुरे.

मला आधी वाटलं, कीबोर्ड उचलावा आणि जिन्यावरून फेकावा. मग वाटलं सगळी गाणी पुसून टाकावी. हॉलमध्ये जायला मला कोणाची परवानगी लागत नाही, कीबोर्डवरचं मखमली कापड धुवायला लाँड्रीतच येतं. दुपारचं जेवण उरकलं की हॉल रिकामा असतो. मी कापड घेऊन गेले, गाण्यांची यादी उघडली, बोट ठेवलं पुसायच्या बटणावर. आणि उचललं. त्यात ताईचे हात होते. गरम पाण्यातून काढून पुसलेले. ते मी कसे पुसू? दाजीवर दात ओठ खात बसले तिथेच.

गिटारवाले काका आता एका दुकानात वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, गाणी बाहेर काढता येतात का? आणि शेवटचा तुकडा कापता येतो का?"

त्यांनी तार घट्ट करता करता विचारलं, "किती कापायचंय?"

"घर. फक्त घर. पाचवीवर सोडायचंय."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"जिचं आहे तिनेच."

हातातलं वाद्य बाजूला ठेवून ते म्हणाले, "मी हात लावणार नाही. मला अजून चार ठिकाणी वाजवायचंय. पण बटणं सांगतो. कुठे कापायचं ते तुझं तू ऐक." आणि एक पेनड्राइव्ह काढून दिला. "आधी सगळं यात घे. एक सूर जरी वाया गेला तर मी तुझ्याशी बोलणार नाही परत."

आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग रोज दुपारी, कापड बदलायच्या निमित्ताने, कानात वायर घालून एकेक गाणं. सोपं नव्हतं. ताई शेवट साधा करायचीच नाही. पाचवी, मग जरा शेजारी चौथीकडे, परत पाचवी, मध्येच सहावीची हुलकावणी, परत पाचवी. दर वेळी सूर वेगळा, कधी घर काळ्यावर. पण माणसं तीच. उंबरठ्यावरचा तो सूर ऐकू आला की मी बोट ठेवायचे. पुढची घरची कॉर्ड उचलून पेनड्राइव्हमध्ये वेगळी ठेवायचे, आणि मशीनमध्ये गाण्याची दुसरी प्रत करून ती तिथेच तोडायचे, मूळ तसंच ठेवून. एक वेटर एकदा म्हणाला, "मावशी, गाणी ऐकताय?" मी म्हटलं, "नाही रे, बहिणीशी बोलतेय." बिचारा ट्रे घेऊन निघून गेला.

दाजी तपासेल ही भीती होती. पण तो तपासायचा ते फक्त सुरुवात. आपला सूर मिळतोय ना, एवढं. शेवट काय, तो ताईचा. शेवटाची काळजी त्याने कधी केलीच नव्हती.

आणि मी वाट बघितली. कोणत्याही रविवारी नाही करायचं मला. हॉटेलचे मालक येणार होते. त्यांची आणखी हॉटेलं आहेत, सगळीकडे हाच गायक ठेवायचा का ते ऐकून ठरवणार होते. दाजी स्वतः खाली आला कोट घेऊन. "मेहुणीबाई, आज इस्त्री अशी करा की सुरी लाजली पाहिजे. आज माझं नशीब उघडणार."

"करते ना," मी म्हटलं. केली पण. बाहीची घडी अशी बसवली की बोट कापेल. तोवर तोडलेली गाणी मी मशीनमध्ये मूळ गाण्यांच्या जागी लावून आले होते.

हॉलच्या दाराला गोल काच आहे. मी तिच्यामागे नॅपकिन घेऊन उभी.

पहिलं गाणं. छान गायला. हात पसरले, डोळे मिटले. ताईची पाचवी आली, भरून आली, आणि गप्प. लोक वाट बघतायत. त्याने एक डोळा उघडला. मग घाईने वाकला. थोड्या टाळ्या पडल्या, भिजल्यासारख्या. तो हसून म्हणाला, "मशीन आहे, चालायचंच."

दुसरं गाणं. या वेळी हात पसरले पण डोळे उघडे. पाचवी आली. गप्प. मालकांचा घास तोंडापाशी थांबलेला मी पाहिला. मग दाजीने तो शेवटचा सूर स्वतः लावला. लावला म्हणजे काय, चढायला गेला आणि घसरला, परत चढला, परत घसरला. इतक्या वर्षांत तो सूर कोणी ऐकलाच नव्हता. आता अख्ख्या हॉलने ऐकला. मॅनेजरने पाण्याचा ग्लास उचलला आणि उगाचच खाली ठेवला.

तिसऱ्या गाण्याला त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शब्द विसरला एकदा. आणि शेवट आला तसा तो माइक सोडून कीबोर्डकडे धावला. मी काचेला नाक लावलं. म्हटलं, दाबतोय की काय बरोबर? पाचवी आली, थांबली, आणि त्याने तीन बोटं दाबली.

शेजारशेजारच्या तीन पट्ट्या.

मधली सोडायची असते हे सुद्धा माहीत नाही त्याला! इतकी वर्षं तिच्या शेजारी उभा राहिला, तिच्या जिवावर जेवला, आणि एक सोडून एक धरायचं हे एकदा बघितलं नाही त्याने. असा काही आवाज निघाला, मांजराच्या शेपटीवर खुर्ची ठेवल्यासारखा. एक लहान मुलगी खळखळून हसली. मग तिची आई. मग सगळं टेबल.

मालक नॅपकिनने तोंड पुसत मॅनेजरला म्हणाले, "हे मशीन बंद पडलं की हा माणूस पण बंद पडतो का?"

तो माझा नॅपकिन. मीच इस्त्री केलेला.

मी कोणाचं काही चोरलं नाही. त्याचा घसा त्याच्याकडे आहे, गाणी आहेत, कोट आहे. ताईचं होतं तेवढंच मी परत आणलं. त्याच्याकडे काय उरलं ते लोकांनी पाहिलं.

मालकांनी दुसऱ्याला घेतलं. आता हॉलमध्ये एक मुलगी व्हायोलिन वाजवते. दाजी काही दिवसांनी खाली आला. कोट नव्हता हातात. मी इस्त्री करत होते आणि फोनवर ते लावलं होतं. पेनड्राइव्हमधलं. ताईचे सगळे शेवट, एकामागे एक, वेगवेगळ्या सुरांतले. काकांनीच जोडून दिले शेवटी, न राहवून. गाणी नाहीतच त्यात. नुसती घरं. धप्प. धप्प. ताई आली. परत आली.

तो दारात उभा राहून ऐकत होता. कळायला जरा वेळ लागला त्याला. मग चेहरा बदलला.

"तू केलंस हे."

"हो."

मला वाटलं ओरडेल. नाही ओरडला. म्हणाला, "एका ठिकाणी विचारलंय मला. लहान हॉटेल आहे. गाणी तेवढी नीट करून दे. तिने माझ्यासाठीच भरली होती ती."

मी कॉलरवर फवारा मारला. इस्त्री फिरवली. वाफ उठली तोंडावर.

"अगं, बोल ना काहीतरी. एवढं काय मागतोय? शेवटची ती एक कॉर्ड."

"तीन बोटं दाबायला काय लागतं रे?" मी म्हटलं. "दाब की."

तो उभाच राहिला. मी फोनचा आवाज वाढवला आणि पुढची चादर घेतली.